१४ नंबरचं बटण

मराठीत लांबलचक लिहायचं तर लॅपटॉपच लागतो, हा समज आधी डोक्यातून काढून टाका. खिशातला फोन आणि हजार-बाराशे रुपयांचा ब्लूटूथ कीबोर्ड, एवढ्या भांडवलावर कादंबरी लिहून होते. तालुक्याची बातमी, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त, बचत गटाचा अहवाल, दिवाळी अंकाची कथा, सगळं होतं. घरात संगणक नाही पण फोन आहे, अशी घरं महाराष्ट्रात गावोगाव आहेत. त्या घरांतल्या लिहित्या माणसाला याहून स्वस्त साधन आजवर कधी मिळालेलं नाही.

आणि तरीही हौसेनं आणलेला कीबोर्ड पंधरवड्यात कपाटावर जाऊन पडतो. विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘जोडला होता हो, पण मराठी काही जमेना.’ दोष त्या माणसाचा नाही. ज्यांनी तो कीबोर्ड विकला त्यांचा आहे, आणि ज्यांनी तो मराठीपासून तोडून विकू दिला त्यांचा तर जास्तच आहे.

फोनच्या काचेवर अंगठ्यानं दोन ओळी लिहिता येतात, दोन पानं लिहिता येत नाहीत. अर्धा पडदा कीबोर्डनंच व्यापलेला. उरलेल्या अर्ध्यात मागचा परिच्छेद दिसत नाही, म्हणून माणूस वाक्य आखूड करतो, जोडाक्षर आलं की दुसरा शब्द शोधतो आणि शेवटी कंटाळून मराठी रोमन लिपीत लिहू लागतो. बोलून टाइप करा, असं कुणी सुचवेल. जरूर करा, निरोपासाठी ते उत्तम आहे. पण लोकलच्या डब्यात, कचेरीत, झोपलेल्या पोराशेजारी बोलून लिहिता येत नाही. शिवाय खोडत, थांबत, मागे जात लिहिणाऱ्याला दहा बोटं आणि दिसणारं पान लागतंच.

आता जोडण्याकडे येऊ. कीबोर्डवरचं ब्लूटूथचं बटण तीन-चार सेकंद दाबून धरायचं, दिवा लुकलुकू लागला की फोनच्या ब्लूटूथ यादीत त्याचं नाव येतं, त्यावर टिचकी मारायची. इथवर सगळे पोहोचतात. अडतं ते पुढच्या पायरीवर, आणि ती पायरी कुणी नीट सांगतच नाही.

आमच्या इमारतीत एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. शाळेच्या आठवणी लिहायला घेतल्या आहेत आणि नातवानं त्यांना कीबोर्ड आणून दिला. जोडताना फोनवर सहा आकडे आले आणि त्या थबकल्या.

‘अरे, हे आकडे लिहायचे कुठे? चौकटच नाही कुठे.’

‘काकू, फोनला हात लावू नका. हे आकडे कीबोर्डवर दाबा आणि मग एंटर.’

‘दाबतेय, पण काही उमटत नाहीये.’

‘उमटणार नाही. तुम्ही सहा पुरे करा.’

त्यांनी सहा आकडे दाबले, एंटर मारलं आणि कीबोर्ड जोडला गेला. मग मी खोक्यातला माहितीचा कागद उलगडून पाहिला. तळहाताएवढा कागद, मुंगीएवढी अक्षरं, सात-आठ परदेशी भाषा. मराठी नाही, हिंदीसुद्धा नाही. भारतात विकायला आणलेल्या वस्तूबरोबर हा कागद देणं हा गिऱ्हाइकाचा उघड अपमान आहे. ‘आकडे कीबोर्डवर टाइप करून एंटर दाबा, पडद्यावर काही दिसणार नाही,’ एवढं एक वाक्य मराठीत छापलं असतं तर चाळीस वर्षं शाळा चालवलेल्या बाईंवर शेजाऱ्याला हाक मारायची वेळ आली नसती.

त्या सहा आकड्यांमागे चांगलं कारण आहे. कीबोर्डला पडदा नाही. म्हणून फोन आकडे दाखवतो आणि कीबोर्ड ते परत पाठवतो. त्यातून फोनची खात्री पटते की समोरचा कीबोर्ड त्याच माणसाच्या हातात आहे, भिंतीपलीकडच्या तिसऱ्याच्या नाही. मग दोघं मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि दोघंही ती आपल्याकडे साठवतात. पुढे दर वेळी त्याच किल्लीनं ओळख पटते, आकडे पुन्हा लागत नाहीत. म्हणूनच फोन बदलला, रिसेट केला किंवा यादीतून नाव पुसलं की एका बाजूची किल्ली जाते आणि दुसरीकडची निरुपयोगी होते. ‘काल चालत होता, आज चालत नाही’ या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं. उपाय सोपा: फोनमधलं जुनं नाव ‘विसरा’, कीबोर्डचं बटण पुन्हा दाबून धरा, नव्यानं जोडा. दुकानदार मात्र तो कीबोर्ड बिघडला म्हणून परत घेतो किंवा नवा गळ्यात मारतो.

एकच कीबोर्ड तीन उपकरणांना जोडायची सोय आता स्वस्तातल्या कीबोर्डवरही आली आहे. एफएन धरून १, २ किंवा ३ दाबलं की तो फोनवरून टॅबकडे आणि टॅबवरून संगणकाकडे जातो. ही सोय फार मोलाची आहे. पण हा कुठल्या क्रमांकावर कोणाशी बोलतोय हे कळायला एक बारीक दिवा सोडून काही नसतं. कागदाच्या चिठ्ठीवर लिहून कीबोर्डच्या पाठीला चिकटवा: १ फोन, २ ऑफिस, ३ मुलीचा टॅब. नाहीतर तुम्ही इकडे बटणं बडवत राहाल आणि अक्षरं पलीकडच्या खोलीत मुलीच्या गृहपाठात उमटतील.

डोंगलवाले कीबोर्ड वेगळे. नखाएवढा रिसीव्हर यूएसबीत खोचला की काम सुरू, आकडे नाहीत, यादी नाही. डेस्कटॉपसाठी हेच बरे, कारण संगणक चालू होताना बायोसच्या निळ्या-काळ्या पडद्यावर ब्लूटूथ कीबोर्डला सहसा कुणी ओळखत नाही; डोंगलला ओळखतात. फोनला डोंगल लावायचा तर ओटीजीचा छोटा जोड लागतो. आणि ओटीजी घेणारच असाल तर घरातला जुना तारेचा कीबोर्डही फोनला लागतो, हे दुकानदार आपणहून सांगत नाहीत. माळ्यावरचा, धूळ खाणारा, चांगल्या मोठ्या बटणांचा तो कीबोर्ड काढा, पुसा, लावून बघा. पैसे वाचतील आणि बोटांना सुख लागेल ते वेगळं.

डोंगलवाला कीबोर्ड मध्येच अक्षरं गाळत असेल तर डोंगल कुठे खोचलाय ते आधी बघा. डोंगल, ब्लूटूथ, वाय-फाय आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह हे सगळे २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात नांदतात. कमी ताकदीच्या उपकरणांसाठी हा पट्टा भारतात २००५ पासून विनापरवाना खुला आहे. मूळ पद्धतीचं ब्लूटूथ या पट्ट्याचे ७९ भाग पाडून सेकंदाला १६०० वेळा जागा बदलतं, म्हणून गर्दीतही तग धरतं. पण यूएसबी ३ च्या निळ्या सॉकेटमधून आणि त्याला लावलेल्या हार्ड डिस्कमधून याच पट्ट्यात गोंगाट होतो. इंटेलनं हे २०१२ सालीच प्रसिद्ध केलं. डोंगल त्या निळ्या सॉकेटच्या शेजारी असेल तर हलवा, किंवा हातभर एक्स्टेन्शन वायर लावून टेबलावर आणा. कीबोर्ड फेकायची वेळ बहुतेकदा येत नाही.

सुरक्षेबद्दल थोडक्यात, पण गांभीर्यानं. २०१६ साली बॅस्टिल या अमेरिकी सुरक्षा कंपनीनं दाखवून दिलं की आठ उत्पादकांचे स्वस्त, बिगर-ब्लूटूथ वायरलेस कीबोर्ड प्रत्येक बटण उघड्यावर, कसलंही सांकेतीकरण न करता पाठवत होते. अडीचशे फुटांपर्यंतचा माणूस साध्या साधनांनी ते वाचू शकत होता. पासवर्ड, कार्डाचा क्रमांक, सगळं. ब्लूटूथही सोवळं नाही. २०२३ च्या डिसेंबरात मार्क न्यूलिन या संशोधकानं जाहीर केलं की खोटा कीबोर्ड फोनला गुपचूप जोडून त्यावर बटणं दाबता येतात, मालकाला न विचारता. अँड्रॉइड ११ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांसाठी त्याच महिन्यात दुरुस्ती आली. १० आणि त्याआधीच्या फोनना आली नाही. असे जुने फोन आजही घरोघरी आहेत. तुमचा त्यातला असेल तर काम झालं की ब्लूटूथ बंद करा. आणि अनोळखी छापाच्या डोंगल-कीबोर्डवर बँकेचा पासवर्ड टाइप करू नका, कितीही घाई असली तरी.

काकूंकडे परत जाऊ, कारण त्यांचा पुढचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होता. कीबोर्ड जोडला गेला, त्यांनी एक बटण दाबलं, इंग्रजी अक्षर उमटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘जोडला खरा, पण यात मराठी कुठाय?’

यात इंग्रजी तरी कुठे आहे? कीबोर्डला कुठलीच भाषा येत नाही. आपण ज्याला ‘के’चं बटण म्हणतो ते दाबलं की कीबोर्ड फोनकडे ‘के’ पाठवत नाही. तो एक आकडा पाठवतो: १४. ठरलेल्या जागतिक मानकात त्या जागेच्या बटणाचा क्रमांक १४ आहे, बस्स. त्या १४ चं अक्षर करणं हे फोनचं किंवा संगणकाचं काम. मांडणी इंग्रजी निवडली असेल तर ‘के’ उमटेल, मराठी निवडली असेल तर ‘क’ उमटेल. १७ क्रमांकाचं बटण शिफ्टबरोबर आलं की मराठी मांडणीत ‘ळ’ उमटतो. तारेतून या, डोंगलमधून या, ब्लूटूथमधून या, प्रवास आकड्यांचाच होतो. कीबोर्डवर इंग्रजी म्हणून जे काही आहे, ते बटणावर छापलेल्या रंगात आहे.

म्हणजे मराठीसाठी वेगळं यंत्र लागत नाही, महाग भाग लागत नाही, नवं तंत्रज्ञान लागत नाही. लागतो फक्त बटणावर रंगाचा आणखी एक ठिपका. तो ठिपका द्यायला बहुतेक कंपन्या तयार नाहीत.

मांडणीही तयार आहे, आणि ती आजची नाही. इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची मांडणी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६ साली ठरवली आणि १९९१ साली ती भारतीय मानकात गेली. विंडोजमध्ये ती कित्येक वर्षं फुकट बसलेली आहे. ज्यांना रोमन स्पेलिंगनं मराठी टाइप करायची सवय आहे त्यांच्यासाठी विंडोजनं २०१९ पासून उच्चारानुसारी मराठी कीबोर्डही दिला आहे. विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते.

इनस्क्रिप्टला लोक उगाच घाबरतात. तिची रचना पहिलीतल्या मुलाला समजेल अशी आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. ‘के’च्या जागी क, तेच शिफ्टबरोबर ख. त्याच्या डोक्यावरच्या ‘आय’च्या जागी ग, शिफ्टबरोबर घ. क, ख, ग, घ, सगळे एकाच बोटाखाली. शेजारी ‘एल’वर त आणि थ, वर ‘ओ’वर द आणि ध. त्याच्या पलीकडे च, छ आणि वर ज, झ. मग ट, ठ आणि वर ड, ढ. तर्जनीकडे प, फ आणि वर ब, भ. प्रत्येक वर्गाचा आपला उभा रकाना. डाव्या हाताला ‘ई’वर काना, शिफ्टबरोबर आ, ‘एफ’वर ऱ्हस्व वेलांटी, शिफ्टबरोबर इ. ‘डी’वर पाय मोडायचं चिन्ह. ‘मराठी’ हा शब्द लिहायला पाच बटणं आणि एकदा शिफ्ट. शिवाय हीच मांडणी गुजराती, कन्नड, बंगाली, तेलुगू सगळ्यांना लागू: क जिथे आहे तिथेच त्यांचाही क. मुळाक्षरं ज्यांनी पाठ केली त्यांनी निम्मी मांडणी आधीच पाठ केलेली आहे. रोज अर्धा तास दिला तर काही आठवड्यांत बोटं न बघता फिरू लागतात.

पण त्या पहिल्या आठवड्यांत बघायला तरी काही हवं ना! बटणावर ‘के’ दिसतो आणि मनात ‘क’ शोधायचा, याला माणूस वैतागतो. गोदरेजनं १९५५ साली पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. पुढे कचेऱ्या-कचेऱ्यांतून मराठी टाइपरायटर खडखडू लागले, आणि त्यांच्या प्रत्येक बटणावर मराठी अक्षर होतं. नव्यानं टाइपिंग क्लासला बसलेल्या मुलीला ळ कुठे आहे हे डोळ्यांनी दिसत होतं. लोखंडी यंत्रात जे होतं ते बहुतेक प्लास्टिकच्या कीबोर्डवर नाही. याला प्रगती म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

बाजार छोटा आहे, असं उत्तर येतं. ग्रीसची लोकसंख्या सुमारे एक कोटी. तिथे कीबोर्डवर ग्रीक अक्षरं असतात. इस्रायलची तेवढीच, तिथे हिब्रू असतात. थायलंडमध्ये थाई, कोरियात कोरियन, अरब देशांत अरबी, इंग्रजी अक्षराच्या शेजारी तिथल्या लिपीचं अक्षर. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. देवनागरी वापरणारी हिंदी, नेपाळी, कोकणी यांची माणसं त्यात धरलेलीच नाहीत. बाजार छोटा आहे हे कारण मला मान्य नाही.

दुसरं उत्तर येतं की भारतासाठी वेगळी बटणं छापणं परवडत नाही. रुपयाचं चिन्ह सरकारनं २०१० च्या जुलैत स्वीकारलं. थोड्याच वर्षांत ते भारतात विकल्या जाणाऱ्या कीबोर्डवर चारच्या बटणाच्या कोपऱ्यात येऊन बसलं. तेव्हा परवडलं. पैशाचं चिन्ह छापता येतं, भाषेचं अक्षर छापता येत नाही, हे मी ऐकून घेणार नाही.

कंपन्यांना मात्र एकट्यांना बोल लावून भागणार नाही. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश केंद्रानं २०१२ साली काढला. पहिल्या यादीत १५ वस्तू होत्या, आणि त्यांत वायरलेस कीबोर्डचं नाव स्पष्ट लिहिलेलं होतं. म्हणजे प्रयोगशाळेत तपासून, भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदवूनच तो इथे विकता येतो. तपासतात काय? शॉक बसणार नाही, आग लागणार नाही. ते तपासायलाच हवं. पण त्या वस्तूवर इथली भाषा लिहिता येईल का, हा प्रश्न त्या तपासणीत नाही.

आणि हा प्रश्न सरकारला सुचतच नाही असंही नाही. फोनच्या बाबतीत सुचला होता. २०१६ च्या ऑक्टोबरात केंद्रानं ठरवलं की भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलवर २२ भारतीय भाषांतला मजकूर वाचता आला पाहिजे आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता आलं पाहिजे. कंपन्यांनी कुरकुर केली, मुदती वाढल्या, पण नियम लागू झाला आणि फोन मराठी झाले. नियम केला की होतं, याचा हा धडधडीत पुरावा. तो नियम काचेवरच्या कीबोर्डनं पाळला जातो, बाहेरून जोडलेल्या कीबोर्डाशी त्याला कर्तव्य नाही. म्हणून आजही मराठी कीबोर्डची बरीच ॲप काचेपुरतीच मराठी असतात. बाहेरचं बटण दाबलं की इंग्रजी उमटतं. काकूंच्या फोनवर नेमकं तेच झालं होतं. दुसरं ॲप टाकून, बाहेरच्या कीबोर्डची मांडणी मराठी करून ते सुटलं, पण त्यासाठी सेटिंगच्या चार पानांत उतरावं लागलं. किती जण उतरतील?

राज्य सरकारला तर नवा कायदाही लागत नाही. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ सालचा आहे. भारतीय लिप्यांना संगणकावर आणण्याचं काम ज्या सी-डॅकनं केलं ती पुण्यात आहे. लिपिक-टंकलेखकाच्या भरतीला मिनिटाला ३० शब्दांचं मराठी टंकलेखन लागतं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा मला मनापासून आनंद आहे. मग मंत्रालयापासून तलाठी कार्यालयापर्यंत आणि जिल्हा परिषदेच्या शाळांच्या संगणक खोल्यांपर्यंत जे कीबोर्ड विकत घेतले जातात, त्यांच्या निविदेत ‘बटणांवर देवनागरी अक्षरं इनस्क्रिप्टप्रमाणे छापलेली असावीत’ ही एक ओळ का घालत नाही? सरकार हे कीबोर्डचं मोठं गिऱ्हाईक आहे. त्यानं मागितलं तर कंपन्या दुसऱ्या दिवशी साचे बदलतील, आणि ते बदललेले साचे मग तुमच्या-माझ्या दुकानातही पोहोचतील. मराठी भाषा विभागानं या वर्षी फक्त एवढं एक काम केलं तरी मी त्यांना दुवा देईन.

ते होईपर्यंत थांबू नका. देवनागरी अक्षरांचे स्टिकर मिळतात. पारदर्शक, इनस्क्रिप्टचे, चांगल्या गोंदाचे घ्या. कीबोर्ड घेताना आकाराच्या मोहात पडू नका. खिशात मावणाऱ्या, घडीच्या कीबोर्डांत जागा वाचवायला उजवीकडची बटणं छाटतात किंवा एफएनच्या पोटात ढकलतात. अर्धविराम, अवतरणचिन्ह, चौकटी कंस आणि तिरकी रेघ यांची बटणं इंग्रजीत क्वचित लागतात, म्हणून त्यांच्यावर पहिली कुऱ्हाड. इनस्क्रिप्टमध्ये मात्र अर्धविरामाच्या जागी च आहे, अवतरणाच्या जागी ट, पहिल्या चौकटी कंसाच्या जागी ड आणि तिरक्या रेघेच्या जागी य. ही बटणं स्वतंत्र आणि पूर्ण आकाराची नसतील तर तो कीबोर्ड मराठीच्या उपयोगाचा नाही, कितीही सुबक दिसो. आणि पैसे देण्याआधी दुकानातच तो तुमच्या फोनला जोडून ‘चटकन’, ‘डोळा’, ‘यंत्र’ हे तीन शब्द लिहून बघा. दुकानदार घाई करेल. करू द्या.

आई-वडिलांना, आजीला, गावाकडच्या वार्ताहर मित्राला कीबोर्ड भेट देणार असाल तर नुसतं खोकं हातात ठेवू नका. जोडून द्या, मराठी मांडणी लावून द्या, स्टिकर चिकटवून द्या आणि भाषा बदलायची बटणं एका कागदावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहून द्या.

आणि दुकानात गेलात की प्रत्येक वेळी एक प्रश्न मोठ्यानं विचारा: ‘देवनागरी अक्षरांचा वायरलेस कीबोर्ड आहे का?’ नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात विचारा, ऑनलाइन घेतलात तर अभिप्रायात मराठीतून लिहा, कंपनीच्या ग्राहक सेवेला मराठीतून कळवा. मागणी नाही, हेच कंपन्यांचं शेवटचं उत्तर उरलं आहे. आपण विचारत राहिलो तर ते त्यांना देता येणार नाही.